वाचनालयाच्या खुर्च्या: दुरुस्त करायच्या की नव्या घ्यायच्या? (कामाच्या नोंदी)

5 जानेवारी 2025, रविवार

कार्यकारिणीची मासिक सभा. विषय क्रमांक 4, बैठक व्यवस्था. सध्या वाचन कक्षात वेताच्या बैठकीच्या 30 सागवानी खुर्च्या आहेत, अभ्यासिकेत लोखंडी पाइपाच्या 12 गादीच्या खुर्च्या आणि मासिकांच्या टेबलापाशी तिघांची स्प्रिंगची सेटी. निम्म्याहून जास्त खुर्च्यांचा वेत फाटला आहे. लोक त्यावर फळकूट नाहीतर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून बसतात. सेटीवर मधोमध कोणी बसतच नाही.

सगळंच काढून टाकावं अशी सूचना आली. जुन्या लाकडी सामानाचा एक व्यापारी नगामागे 900 रुपये द्यायला तयार आहे, आणि प्लॅस्टिकची बरी खुर्ची 850 ला मिळते. हिशोब सरळ आहे, सुचवणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. मी एवढंच विचारलं, की मोडक्या खुर्चीला तो 900 रुपये कशाचे देतो? भंगाराला एवढा भाव कोणी देत नाही.

एका देणगीदारांनी खास फर्निचरसाठी दिलेले 1,25,000 रुपये शिल्लक आहेत. ठरलं असं: प्रत्येक नग पाहून अहवाल द्यायचा, तीन दरपत्रकं जोडायची, तोवर विक्री नाही. अहवाल माझ्याकडे आला, मदतीला ग्रंथपाल ताई.

8 जानेवारी

जडवस्तू नोंदवही काढली. अहवालाचा पाया इथेच मिळाला. 1954 साली 36 खुर्च्या घेतल्या, दर 16 रुपये 8 आणे. त्यानंतर "वेत विणकाम" अशी नोंद दोनदाच आहे, 1979 आणि 2003. म्हणजे वेताची एक बैठक पंचविसेक वर्षं चालली आहे, आणि तीही रोज माणसं बसणाऱ्या वाचनालयात. सेटी 1962 ची. पाइपाच्या खुर्च्या 2011 च्या. सभागृहासाठी 2016 मध्ये प्लॅस्टिकच्या 40 खुर्च्या घेतल्या, त्यातल्या 17 तडकून माळ्यावर पडल्या आहेत. व्हरांड्यात उन्हाला ठेवलेल्या आधी गेल्या.

बाजारातल्या कोणत्याही हमीपत्रापेक्षा मला ही वही जास्त खात्रीची वाटते.

12 जानेवारी, रविवार

मेस्त्रींना बोलावून सगळ्या खुर्च्या बाहेर अंगणात काढल्या. त्यांनी वेताकडे बघितलंसुद्धा नाही. आधी खुर्ची सपाट शहाबादी फरशीवर ठेवायची, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर तळहात दाबायचे, मग पाठ धरून मागेपुढे हलवायची. चारही पाय टेकतात का, आणि हलते ती नेमकी कुठल्या सांध्यात, एवढंच ते बघत होते.

एका खुर्चीचा मागचा पाय चांगला दोन बोटं हलत होता. मला वाटलं, ही गेली. मेस्त्रींनी ती उलटी केली, सांध्यावर गरम पाण्याचं फडकं धरलं, थोड्या वेळाने लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं, आणि आडवी पट्टी कुसवासकट, म्हणजे पायाच्या खाचेत बसणाऱ्या टोकासकट, अलगद बाहेर आली. कुसू शाबूत, कडा अजून धारदार. "बाई, ही मोडलेली नाय, नुसती सुटलेली हाय," म्हणाले. जुन्या कामात सरस वापरलेला असतो. तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला डिंक, ऊब आणि ओल लागली की सुटतो. त्यामुळे सांधा न फोडता उकलता येतो, खरवडून साफ करून पुन्हा बसवता येतो. हल्लीचा पांढरा गम असा सुटत नाही, तिथे उघडायला गेलं की लाकूडच चिरतं.

खरं नुकसान निघालं ते मधल्या काळातल्या झटपट दुरुस्तीचं. सांधा हलतोय म्हणून कोणीतरी आरपार खिळा मारलेला. आपल्याकडच्या दमट हवेत तो गंजून फुगतो आणि कुसू आतून फाटतो. अशा दोन खुर्च्या आहेत, त्या आता उभ्या राहणार नाहीत. तिसरीच्या पाठीच्या पट्टीत पांढऱ्या लाकडाचा भाग राहिला होता, तो किड्याने पोखरला आहे. सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, गाभ्याभोवतीच्या पांढऱ्या भागाला मात्र लागते. शेजारच्या चार खुर्च्यांखाली काळा कागद अंथरून ठेवला आहे. ताजा फिकट भुसा पडला तर कीड जिवंत आहे असं समजायचं.

गोषवारा: 5 खुर्च्यांचे सांधे उकलून बसवायचे, 3 बाद, बाकी 22 चे सांगाडे ठणठणीत.

19 जानेवारी

कागद कोरे निघाले. कीड त्या एकाच खुर्चीत होती.

सांगाडा आणि वेत दोन्ही धड आहेत, पण बैठक खोलगट झाली आहे, अशा 7 खुर्च्या निघाल्या. त्यांचा उपाय फुकटचा आहे. खुर्ची उलटी करून वेताच्या खालच्या बाजूवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पसरायचं, वेत पुरता भिजू द्यायचा, मग सावलीत वारा लागेल अशी ठेवायची. रात्रभर तिच्यावर कोणी बसायचं नाही. वेताची वरची बाजू तुकतुकीत असते, ती पाणी पीत नाही, म्हणून पाणी खालूनच द्यावं लागतं. वाळताना वेत आवळतो. शनिवारी संध्याकाळी ताईंनी आणि मी हे केलं, आज सकाळी सातही बैठका टिचकी मारली तर वाजतात अशा ताणल्या होत्या. तुटलेल्या वेताला याचा उपयोग नाही. आणि उन्हात वाळवायचं नाही, वेत ठिसूळ होतो.

26 जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर अभ्यासिकेत बसले. इथला प्रश्न वेगळा आहे, तो वेताच्या खुर्च्यांबरोबर एका ओळीत लिहायचा नाही. वाचन कक्षात माणूस वर्तमानपत्र वाचून तासाभरात उठतो. अभ्यासिकेत मुलं-मुली सकाळी येतात आणि दिवे लागेपर्यंत बसतात. कोणी तलाठी भरतीचा अभ्यास करतंय, कोणी राज्यसेवेचा.

तलाठी परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, गादी बसली आहे ते चालेल, पण पाठ टेकली की मागचा पाइप मणक्यात रुततो." टेप लावला. टेबल 30 इंच, बैठक मुळात 18, दबलेला फोम धरला तर जेमतेम 16. बैठक आणि टेबल यांच्यात दहा-बारा इंच असले तर लिहिताना खांदे वर उचलावे लागत नाहीत. इथे 14 झाले आहेत. मुलं मान आणि खांदे आखडून लिहितात ते यामुळे.

मग पाइप पाहिले. पाय जिथे वळतो तिथे रंगाला फोड आले आहेत. एका फोडावर स्क्रूड्रायव्हर दाबला तर टोक आत गेलं. पाइप आतून गंजला आहे. वरून वेल्डिंग केलं तर बाजूचा पातळ पत्रा जळेल. बैठकीचं प्लाय पावसाळी ओलीने पदर सुटून गेलं आहे. बाराच्या बारा अशाच. इथे नवं कापड चढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

4 फेब्रुवारी

कोल्हापूरला फोम आणि कापडाची चौकशी. एका दुकानात "40 डेन्सिटी" म्हणून 18 बाय 18, जाडी 2 इंच असा नमुन्याचा तुकडा विकत घेतला. दुसऱ्या दुकानात वजनकाटा होता, तिथे मोजला. 345 ग्रॅम.

डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, दुसरं काही नाही. या मापाचा तुकडा 40 डेन्सिटीचा असेल तर साधारण 425 ग्रॅम भरायला हवा, 32 चा असेल तर 340. म्हणजे हातात आला तो 32 चा. बोटाने दाबून दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो वर्ष-दीड वर्षाने, गादीला खळगा पडल्यावर. दरपत्रकात आता नुसतं "40 डेन्सिटी" लिहून घ्यायचं नाही, पूर्ण शीटचं वजनही लिहून घ्यायचं. 72 बाय 36, दोन इंची शीट साधारण 3 किलो 400 ग्रॅम. जो दुकानदार हे लिहून देतो त्याच्याकडूनच घ्यायचं.

कापडाचं: रेक्झिन पुसायला सोपं, पण आपल्याकडे मे महिन्यात ते पाठीला चिकटतं, आणि काही वर्षांनी पापुद्रे सुटतात. निव्वळ सुती कापड पावसाळ्यात बुरशी धरतं. ओला रेनकोट घालून येणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून पॉलिस्टर मिश्रित जाड विणीचं कापड पसंत केलं. रंग गडद विटकरी, पन्हा 54 इंच, लेबलवर घर्षणाची चाचणी 30,000 आवर्तनांची. घरच्या वापराला याहून कमीही चालतं, सार्वजनिक जागेत यापेक्षा खाली जाऊ नये असं माझं मत आहे.

9 फेब्रुवारी, रविवार

सेटी उघडली. गादीवाल्याला म्हटलं, आधी एकाच कोपऱ्यातलं कापड उचला, आत काय आहे ते पाहिल्याशिवाय भाव ठरवायचा नाही. त्याला हे आवडलं. न उघडता सांगितलेल्या भावावर पुढे भांडणं होतात, असं तोच म्हणाला.

वरून खाली उतरत गेलो. रेक्झिन, 2003 चं. त्याखाली फोम, तो आता फोम राहिलेला नाही. हात लावला तर पिवळी भुकटी सांडली. त्याखाली हिरवं जुनं कापड, तेही तसंच ठेवून वर नवं ठोकलेलं. मग काथ्या. हा थर 1962 पासूनचा, धूळ झटकली तर अजून लवचिक. गादीवाल्याने मूठभर काथ्या चिमटीत दाबून सोडला, तो पुन्हा फुगला. "हा टाकायचा नाही, पिंजून परत भरू." काथ्याखाली बारदान, ते कुजलं आहे. बारदानाखाली स्प्रिंगा. मला त्यांचीच भीती होती, पण एकही तुटलेली नाही. त्यांना आडवी, उभी आणि तिरकी बांधून ठेवणारी सुतळी तुटली होती, म्हणून त्या बाजूला कलंडल्या आणि मधला भाग खचला. तळाची नवार ढिली पडली आहे. म्हणजे जे गेलं ते सुतळी, बारदान, नवार आणि फोम. टिकलं ते सागवान, पोलाद आणि काथ्या.

एक गोष्ट मात्र पाहून घ्यायला हवी होती. पुढच्या पट्टीवर आजवर ठोकलेल्या तारखिळ्यांची भोकं एकाशेजारी एक, लाकडाची कड चाळणीसारखी झालेली. तिथे नवा खिळा धरणार नाही. कापड ताणून बसवलं तरी दोन महिन्यांत निसटेल. मेस्त्री ती कड अर्धा इंच रंधून सागाची नवी पट्टी चिकटवून देतील. अशा कामाचा भाव घेताना ही पट्टी आवर्जून विचारावी, बहुतेक दरपत्रकांत ती नसते.

खर्च: कापड 5 मीटर, 480 ने 2,400. नवार, बारदान, सुतळी, फोमचा पातळ थर, लाकडी पट्टी मिळून 2,600. मजुरी 4,500. एकूण 9,500. शोरूममध्ये तिघांचा सोफा 24,000 ला आहे. त्याचा खालचा अस्तराचा पडदा उचलून पाहिला तर सांगाडा पार्टिकल बोर्डाचा आणि स्टेपल मारलेला. एकदा पाणी लागलं की बोर्ड फुगतो, मग त्यात स्क्रूही धरत नाही. कोकणातल्या पावसात तो किती टिकेल, हे कोणाला सांगायला नको.

16 फेब्रुवारी, सभा

अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, की आज खिशातून जाणारे पैसे पाहिले तर प्लॅस्टिक स्वस्त आहे. हे लपवण्यात अर्थ नव्हता. वाचन कक्षाच्या 27 खुर्च्या प्लॅस्टिकच्या घेतल्या तर 22,950. जुन्या नीट केल्या तर वेत 20 नगांचा 1,500 ने 30,000, सांधे 4,000, पॉलिश 27 नगांचं 12,150, एकूण 46,150. दुप्पट.

पण खर्च खुर्चीमागे 1,709 रुपये पडतो, आणि आपल्याच नोंदवहीप्रमाणे वेत वीस वर्षं तरी चालतो. वर्षाला 85 रुपये. प्लॅस्टिकची खुर्ची सहा वर्षं धरली तर वर्षाला 140 च्या वर. शिवाय तडकलेल्या प्लॅस्टिकला दुरुस्ती नाही. तुलना खरी करायची तर सागवानी खुर्चीची सागवानी खुर्चीशीच करायला हवी. नव्या सागवानी खुर्चीचं दरपत्रक नगाला 7,200 चं आहे. 27 नगांचे 1,94,400. व्यापारी 900 रुपये कशाचे देतो, याचं उत्तर इथे मिळालं. तो लाकूड विकत घेतो आहे, वेत फाटलाय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खजिनदारांचा आक्षेप रास्त होता: "दुरुस्तीत अंदाज वाढत जातो, नव्यात भाव ठरलेला असतो." म्हणून प्रत्येक नगाचा भाव आतून पाहून घेतलेला आहे आणि दहा टक्के शिल्लक बाजूला ठेवली आहे, हे दाखवलं.

अभ्यासिकेसाठी मात्र मी नव्या खुर्च्याच मागितल्या. तिथे जुनं राखण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि दिवसभर बसणाऱ्या मुलांच्या पाठीपेक्षा आपली काटकसर मोठी नाही. 3,600 ने 12 नग, 43,200. अट एक: बैठक आणि पाठ चार-चार स्क्रूंनी सुटली पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी गादी बदलायला पूर्ण खुर्ची टाकावी लागणार नाही.

एकूण 98,850. ठराव एकमताने मंजूर.

5 मार्च

मेस्त्रींनी पाचही खुर्च्यांचे सांधे बसवले, पॉलिशला सुरुवात झाली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने, हात न थांबवता. क्रम असा ठेवला, की सांगाड्याचं पॉलिश आधी, विणकाम नंतर. वेताच्या तुकतुकीत सालीला पॉलिशची गरज नसते.

विणकाम करणारे काका रत्नागिरीहून आले, सोबत पुतण्या. काका दृष्टिहीन आहेत. खुर्च्यांचा वेत विणण्याची कला आपल्याकडे अंध कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे, अंधांच्या शाळांमधून आणि कार्यशाळांमधून ती शिकवली गेली. दुपारभर शेजारी बसून पाहिलं. बैठकीच्या चौकटीला ओळीने भोकं आहेत, टोच्याने जुना वेत आणि घाण काढून ती मोकळी केली. सोललेल्या वेताच्या पट्ट्या अर्धा तास बादलीत. मग उभे पदर, त्यावर आडवे, पुन्हा उभे, मग आडवे विणत घेतलेले, शेवटी दोन्ही बाजूंचे तिरके. भोकात लाकडी खुंटी ठोकून ताण धरायचा आणि पुढच्या भोकाकडे जायचं. तिरका पदर एका ठिकाणी वरून जायच्या ऐवजी खालून गेला होता. काकांनी अंगठा त्या रेषेवरून फिरवला, अडखळला तिथेच थांबले, पुतण्याला म्हणाले, "तिसऱ्या घरापासून सोड." मी डोळे असून त्या जागेकडे पाहत होते, मला दिसलं नव्हतं.

एका बैठकीला दोघांना दोन दिवस लागतात. 1,500 रुपये मला आता कमीच वाटतात. प्लॅस्टिकचा वेत 700 मध्ये होतो आणि भिजवावा लागत नाही, पण त्याची धार सागाच्या भोकांच्या कडा कापते आणि सैल पडला तर गरम पाण्याने परत आवळत नाही.

13 मार्च

शिमगा. पालख्या निघाल्या, काम बंद. मेस्त्री, काका, कोणीच पाडव्याच्या आधी येणार नाही, आणि यावंही नये.

28 मार्च

आर्थिक वर्ष संपण्याआधी झालेल्या कामाची बिलं जमा केली. अभ्यासिकेच्या खुर्च्या आल्या. एका खुर्चीचे स्क्रू काढून फोमचं वजन करून पाहिलं, बरोबर भरलं. टेबल आणि बैठक यांतलं अंतर 12 इंच, बसल्यावर थोडं वाढतं, चालेल.

20 एप्रिल

सेटी तयार. गादीवाल्याने स्प्रिंगा प्रत्येकी आठ दिशांनी बांधल्या आहेत, काथ्या पिंजून भरला आहे, वर इंचभर फोम. पहिल्या बैठकीला घट्ट वाटते. एका ज्येष्ठ वाचकांची तक्रार आली की पूर्वीसारखी मऊ नाही. गादीवाल्याचं म्हणणं, महिन्या-दोन महिन्यांत बसेल. मला ती आहे तशी आवडली, कारण गुडघे दुखणाऱ्यांना त्यातून उठायला हात द्यावा लागत नाही.

25 मे, रविवार

मान्सून आज देवगडपर्यंत पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इतक्या लवकर कोणी धरला नव्हता. विणलेल्या 20 खुर्च्या पूर्ण होऊन कक्षात आहेत. गरम पाण्याने आवळलेल्या 7 वापरात होत्या म्हणून त्यांचं पॉलिश शेवटी ठेवलं होतं. गेल्या आठवड्यातल्या पावसात मेस्त्रींनी एका खुर्चीचा हात पॉलिश करून पाहिला, तो पांढरट पडला. हवेतली ओल ओल्या लाखेत धरली जाते. कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा फिरवला की जाईल, पण आत्ता पुढे जाण्यात अर्थ नाही. सातही खुर्च्यांचं पॉलिश ऑक्टोबरच्या उन्हात.

8 जून

हिशोब: मंजूर 98,850, खर्च 95,700. सात खुर्च्यांच्या पॉलिशचे 3,150 राखून ठेवले. बाजूला ठेवलेल्या शिलकीला हात लावावा लागला नाही.

नोंदवहीत 2025 ची "वेत विणकाम, नग 20" ही नोंद केली आणि तिच्यासमोर कारागिरांचा दर, पॉलिशचा प्रकार, फोमची डेन्सिटी आणि शीटचं वजन, कापडाचा पन्हा एवढं सगळं लिहिलं. 2003 च्या नोंदीत यातलं काही असतं तर जानेवारीतलं अर्धं काम वाचलं असतं.

पाइपाच्या 12 आणि बाद झालेल्या 3 अशा 15 खुर्च्या निर्लेखित करण्याचा ठराव झाला. पाइप भंगारात दिले. तीन सागवानी खुर्च्यांचे चांगले पाय आणि पट्ट्या मेस्त्रींनी सोडवून दिल्या, त्या सुटे भाग म्हणून कपाट क्रमांक 3 मध्ये ठेवल्या आहेत. व्यापाऱ्याचा फोन आला होता, विक्री नाही असं कळवलं.

पावसाळ्यात वाचन कक्षाच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांखालची खुर्च्यांची रांग हातभर आत घ्यायची आहे, झड तिथपर्यंत येते. ताईंना सांगितलं आहे.